अहो, पण पुढे काय होतं?

पुस्तक वाचून संपवलेल्या माणसाला ‘कसं वाटलं?’ असं विचारणं म्हणजे लग्नाच्या पंक्तीतून उठलेल्या माणसाला ‘जेवण कसं झालं?’ असं विचारण्यासारखं आहे. तो जेवणाबद्दल थोडं सांगतो आणि स्वतःच्या पोटाबद्दल फार. ‘मठ्ठा बरा होता, पण मला ताक सोसत नाही.’ ‘जिलबी छान होती म्हणतात, मी डॉक्टरांच्या धाकानं घेतली नाही.’ आचाऱ्याचं नाव त्यात कुठेही येत नाही. पुस्तकांचंही तेच. ‘मला कंटाळा आला’ या तीन शब्दांतला पहिला शब्द सर्वांत महत्त्वाचा असतो आणि नेमका तोच आपण ऐकत नाही.

आता, पोट ज्याचं त्याचं असतं हे मलाही मान्य आहे. एखाद्याला पुस्तक आवडलं नाही तर त्याला सुळावर द्यावं असं माझं म्हणणं नाही. (तशी एक यादी माझ्यापाशी तयार आहे, पण तो भाग वेगळा.) माझं भांडण आवडी-निवडीशी नाही, कारणांशी आहे. पैसे काढायच्या स्लिपवरची सही नमुन्याच्या सहीशी जुळते की नाही, हे बघण्यात माझी वीस वर्षं गेली. पुस्तकाला नापास करताना दिलेलं कारण त्या पुस्तकाशी जुळतं का, एवढंच बघा, अशी माझी नम्र मागणी आहे. आणि न जुळणाऱ्या सह्या सर्वांत जास्त ज्याच्यावर झालेल्या मी पाहिल्या, असं पुस्तक म्हणजे मर्विन पीक या इंग्रज लेखकाचं ‘गॉर्मेनघास्ट’.

नाव उच्चारताना पहिल्या खेपेला जीभ अडखळते, दुसऱ्या खेपेला दाढ. पण घाबरू नका. या मालिकेतली पहिली कादंबरी ‘टायटस ग्रोन’ 1946 साली आली, दुसरी ‘गॉर्मेनघास्ट’ 1950 साली आणि तिसरी ‘टायटस अलोन’ 1959 साली. गॉर्मेनघास्ट हा एक किल्लेवजा वाडा आहे. एवढा मोठा, की एका टोकाला माणूस गेला तर दुसऱ्या टोकाला त्याच्या तेराव्याचं आमंत्रणसुद्धा वेळेवर पोचू नये. त्यात ग्रोन घराण्याचे शहात्तरावे सरदार राहतात. त्यांचं नाव सेपलक्रेव्ह, आणि स्वभाव नावाला शोभेसा थडग्यातला. पुस्तकांपलीकडे त्यांना जीव लावायला काही नाही. त्यांच्या बाईसाहेब गर्ट्रूड. त्यांच्या अंगाखांद्यावर पाखरं बसलेली असतात आणि मागून पांढऱ्याशुभ्र मांजरांचा लोंढा चालतो. मुलगी फुशिया पंधरा वर्षांची, मनानं नऊ वर्षांची. सरदारांच्या दोन जुळ्या बहिणी कोरा आणि क्लॅरिस, दोघींत मिळून अर्धा मेंदू. एक डोंगरासारखा आचारी, एक काटकुळा खासगी नोकर. या नोकराचे गुडघे दर पावलाला कटकन वाजतात, त्यामुळे त्याला कुठेही चोरून जायचं म्हणजे मोठी पंचाईत. आणि मुदपाकखान्यातून पळालेलं सतरा वर्षांचं एक पोर, नाव स्टीअरपाइक. कथेच्या पहिल्याच दिवशी वाड्याला वारस होतो, तोच सत्त्याहत्तरावा टायटस.

आणि या सगळ्यांच्या वर असतात विधी. रोज सकाळी न्याहारीच्या वेळी विधींचा म्हातारा अधिकारी सोर्डस्ट तीन जाडजूड ग्रंथ घेऊन सरदारांपुढे उभा राहतो. पहिल्या ग्रंथात आज किती वाजता कुठे जायचं, कुठल्या वाटेनं जायचं, अंगावर काय घालायचं, हे सारं लिहिलेलं. दुसरा ग्रंथ संपूर्ण कोरा. तो केवळ प्रतीक म्हणून आणायचा. तिसऱ्यात नुसते एकमेकांकडे बोट दाखवणारे संदर्भ. सरदारांची उंची तीन इंच कमी असती तर आजचा पोशाख कोणता, वाट कोणती, याचीसुद्धा सोय त्यात करून ठेवलेली आहे!

‘काहीतरीच! असं कुठे असतं का?’ हा या पुस्तकाबद्दलचा पहिला आक्षेप. तो माझ्याकडे आमच्या शाखेतल्याच एका सहकाऱ्यानं नोंदवला, आणि ज्या खुर्चीत बसून नोंदवला ती खुर्ची पाहून मी थक्क झालो. अहो, आमच्याकडे स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. एकजण रजेवर गेला की किल्ली हाती देण्याचा एक समारंभ असतो. फक्त सनई तेवढी नसते. एका सर्क्युलरमध्ये लिहिलेलं असतं, ‘अमुक क्रमांकाचं सर्क्युलर पाहावे’. ते उघडावं तर तिथे ‘तमुक पाहावे’. तमुक पहिल्याकडे परत पाठवतं. झाला की नाही तिसरा ग्रंथ? दुसराही आहे. काउंटरच्या खांबाला दोरीनं बांधलेली आमची तक्रारवही. मी आहे तेव्हापासून कोरी. ऑडिटला येणारे साहेब ती उघडतात, कोऱ्या पानांकडे समाधानानं पाहतात आणि मिटतात.

आणि नोव्हेंबर महिना! पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. गृहस्थ समोर उभा असतो, धापा टाकत असतो, ‘पंखा जरा वाढवा हो’ म्हणत असतो, पण तो जिवंत आहे की नाही हे कागद सांगणार. हल्ली हे मोबाइलपुढे चेहरा धरूनही होतं म्हणतात. म्हणजे आता माणूस जिवंत आहे असं यंत्र म्हणालं की आमचा विश्वास बसतो. अशा देशातल्या, अशा बँकेतल्या, अशा काउंटरमागच्या माणसानं गॉर्मेनघास्टला ‘काहीतरीच’ म्हणावं? मी तर ते तीन ग्रंथ वाचून लेखकाचा पत्ता शोधायला निघालो होतो. कुठल्या शाखेत होता, एवढंच विचारायचं होतं.

दुसरा आक्षेप आमच्या हेड कॅशियरसाहेबांचा. त्यांनी पुस्तक चार दिवस ठेवून घेतलं आणि परत देताना नोटांचं खराब बंडल परत करावं तसं दोन बोटांत धरून दिलं. म्हणाले, ‘अहो, शंभर पानं वाचली, अजून बारसंच चाललंय! पुढे काय होतं ते सांगा बघू एका वाक्यात.’

हे ‘पुढे काय होतं’ म्हणजे आपल्या वाचकांचा मुळव्याध आहे. बसू देत नाही. आता मुळात त्या बारशातच काय होतं बघा. मुलाला एका प्रचंड पोथीच्या पानांत ठेवायचं, असा विधी. म्हाताऱ्याच्या हातून ते मूल निसटतं. आणि पडता पडता त्या इवल्या मुठीत पानाचा कोपरा येतो आणि फाटतो! ज्या पोथीवर सारं घराणं उभं, तिचं पान सत्त्याहत्तराव्या वारसानं दुपट्यात असतानाच फाडलं. पुढच्या दोन कादंबऱ्या तेवढ्या त्या कोपऱ्यात मावतात. शेवटी हाच मुलगा मोठा होऊन वाडा सोडून जाणार आहे. पण साहेब पुढचं बघण्याच्या घाईत होते, त्यामुळे समोरचं राहून गेलं.

आणि काही होत नाही म्हणता? ग्रंथालयाला आग लागते. सरदारांना वेड लागतं, आपण घुबड आहोत असं वाटू लागतं आणि खऱ्या घुबडांच्या मनोऱ्यात त्यांचा शेवट होतो. नोकर आणि आचारी कोळिष्टकांनी भरलेल्या दालनात तलवार आणि सुरा घेऊन मध्यरात्री एकमेकांवर तुटून पडतात. पुढच्या खंडात खून पडतात, महापूर येतो, माणसं वरच्या मजल्यांवर चढत जातात आणि खालची शेकडो दालनं बुडतात. एवढं आमच्या शाखेत एका आर्थिक वर्षात झालं असतं तर वर्तमानपत्रांनी पहिलं पान दिलं असतं. फक्त ते सावकाश होतं. सावकाश होतं म्हणजे होतच नाही, असा हिशेब कॉमर्सच्या कुठल्या पुस्तकात शिकवतात मला ठाऊक नाही. मी शिकलो त्यात नव्हता. हेच साहेब दहा वर्षांची ठेव ठेवतात, तेव्हा रोज सकाळी काउंटरवर येऊन ‘पुढे काय झालं?’ असं विचारत नाहीत. मुदत पुरी होईपर्यंत थांबतात. पुस्तकाला मात्र चार दिवसांत व्याज मागतात.

याच आक्षेपाला लागून एक पोटआक्षेप आहे, ‘नायक कुठाय?’ पहिल्या कादंबरीला टायटसचं नाव आहे, आणि ती संपते तेव्हा चिरंजीव दोन वर्षांचेही झालेले नसतात. पाचशे पानांच्या आसपासच्या कादंबरीत नायक धड चालायला शिकत नाही, हे पाहून काही वाचकांना फसवणूक झाल्यासारखं वाटतं. मला उलट हे फार खरं वाटतं. आपण जन्मायच्या आधीच आपलं गोत्र, आपली शाळा, आपल्या लग्नाचा हॉल आणि शक्यतो आपली नोकरीसुद्धा ठरवून ठेवणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना पाळण्यातल्या नायकाभोवती पाचशे पानं दुसरेच लोक का बोलतात, हे समजावून सांगायची गरज पडू नये.

तिसरा आक्षेप माझ्या भाच्याचा. तो कॉलेजात आहे आणि चेटकीण, बुटका, जादूची अंगठी यांपैकी एकही वस्तू नसलेल्या पुस्तकाला ‘कल्पनारम्य’ म्हणणं त्याच्या मते ग्राहक कायद्याचा भंग आहे. ‘मामा, यात ड्रॅगन नाही?’ नाही बाबा. ‘भूत?’ नाही. ‘निदान शाप?’ तोही नाही. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला बिनसाखरेचं श्रीखंड वाढलं होतं.

टॉल्किनची अंगठीची कथा 1954-55 साली बाहेर आली. पीकच्या पहिल्या दोन कादंबऱ्या त्याआधीच्या. म्हणजे पीकनं ड्रॅगन गाळला नाही. कल्पनारम्य म्हटलं की ड्रॅगन हवाच, ही अट तेव्हा कुणी घातलेलीच नव्हती. तुमच्या घरी नंतर आलेल्या भाडेकरूच्या सामानावरून आधीच्या भाडेकरूवर खटला कसा भरता? शिवाय राक्षस नाही, भूत नाही, तरी अंगावर काटा येतो, हीच तर त्या वाड्याची गंमत. तिथे जादू करायला कुणी लागतच नाही. ‘असंच करतात’ हे दोन शब्द उच्चारले की जिवंत माणसाचा दगड होतो. याहून मोठी चेटूकविद्या मला ठाऊक नाही. ती आमच्याकडे शिकाऊ कारकुनालाही सहा महिन्यांत येते.

इथे कुणी म्हणेल, अहो, ही असली काळोखी पुस्तकं इंग्रजांची. मराठी माणसाच्या पचनी पडायची नाहीत. का म्हणून? मराठीतली पहिली अद्भुतरम्य कादंबरी, हळब्यांची ‘मुक्तामाला’, 1861 सालची. रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868 सालची. आपली कादंबरी नीट उभी राहायच्या आतच अद्भुताच्या मागे धावत होती. आणि नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांची पुस्तकं पांघरुणात टॉर्च लावून वाचलेली माणसं आज काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभी आहेत. भीती आपल्याला पचते. पचत नाही तो धीर.

चौथा आक्षेप सर्वांत सभ्य, आणि म्हणून सर्वांत वैतागवाणा. ‘फार उदास आहे हो.’ आमच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी तो मांडला. ‘या वयात असं काही नको. थोडं हलकंफुलकं असेल तर द्या.’

आता मी स्वतः हलकंफुलकं लिहिणारा माणूस. या धंद्यातला अनुभव म्हणून सांगतो, पीक हा विनोदी लेखक आहे. होय, विनोदी. वाड्याच्या एका माळ्यावर उत्तम लाकडी कोरीव मूर्तींचं दालन आहे. दर वर्षी जूनच्या पहिल्या तारखेला बाहेरचे कारागीर वर्षभर खपून कोरलेल्या मूर्ती मांडतात, त्यांतल्या तीन निवडतात आणि बाकीच्या त्याच दिवशी जाळून टाकतात. निवडलेल्या तीन त्या दालनात जातात, आणि त्या दालनात कुणीही कधीही जात नाही! एक रखवालदार तेवढा धूळ झटकतो आणि उरलेल्या वेळात झोळीत झोपतो. ही साहित्यसंमेलनं, पारितोषिकं आणि ग्रंथालयातली बंद कपाटं या विषयावरची मी वाचलेली सर्वांत थोडक्यातली टीका आहे. दुसऱ्या खंडात तर हेडमास्तर आणि त्यांचे मास्तर आहेत. डुलक्या काढणारे, शाईनं बरबटलेले, पोरांना भिणारे. डॉक्टरांची बहीण इर्मा नवरा मिळवण्यासाठी या अविवाहित मास्तरांना एका संध्याकाळी मेजवानीला बोलावते आणि त्यातून थेट हेडमास्तरांनाच पटकावते. तो प्रसंग वाचताना मी लोकलमध्ये इतका हसलो की शेजारच्यानं सरकून चौथी सीट मोकळी करून दिली. आमचे हेडमास्तर या प्रकरणापर्यंत पोचलेच नाहीत. त्यांना वाटलं, काळं मुखपृष्ठ आहे म्हणजे सुतक असणार.

विनोद फक्त पांढऱ्या कपड्यांतच येतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मयताच्या घरी ओसरीवर बसलेल्या मंडळींचं बोलणं ऐकावं. उदास आणि विनोदी या दोन खोल्यांच्या मधली भिंत फार पातळ असते. पीकनं ती पाडली आणि आमचे वाचक ‘मालमत्तेचं नुकसान’ म्हणून पंचनामा करत बसले.

आता पाचव्या आक्षेपाकडे येतो, आणि इथे मात्र माझा विनोद थोडा वेळ खुंटीला टांगतो. हा आक्षेप वरच्या साहेबांचा. म्हणजे नेमके कुणाचे ते सांगत नाही. मला अजून नोकरी करायची आहे. ते म्हणाले, ‘एकही पात्र धड नाही. सगळी झोपाळू, चक्रम, बुरसटलेली. एक तो स्टीअरपाइक तेवढा ब्राइट! गरिबीतून वर येतो, डोकं लढवतो, संधी दिसली की पकडतो. हे पोरगं आपल्याकडे पाहिजे होतं.’

हेच मत मी निदान पाच-सहा वाचकांकडून ऐकलं आहे, आणि मला खरी भीती या पुस्तकापेक्षा या मताची वाटते. स्टीअरपाइक हुशार आहे, यात वाद नाही. वाडा कुजलेला आहे, यातही नाही. आचाऱ्याच्या तावडीतून तो पळतो तेव्हा आपणही मनात टाळ्या वाजवतो. पण मग तो काय करतो? त्या दोन अर्धवट बहिणींना सोन्याच्या सिंहासनांची लालूच दाखवतो आणि त्यांच्या हातून सरदारांचं ग्रंथालय पेटवून देतो. घरातली सगळी माणसं आत असताना. कशासाठी? पुस्तकांवर राग म्हणून नाही. पुस्तकांचं त्याला काहीच नाही. आग लावायची आणि मग आपणच खिडकीतून येऊन सगळ्यांना वाचवायचं, म्हणजे नाव होईल, बढती मिळेल. सोर्डस्ट त्या धुरात मरतो. सरदारांचं मन पुस्तकांबरोबर जळून जातं. आणि आमच्या साहेबांना त्यात ‘संधी पकडणं’ दिसतं.

पुढे हाच स्टीअरपाइक विधींचा प्रमुख होतो, हे विसरू नका. त्या पदावरच्या म्हाताऱ्याला मारून होतो. सत्ता हातात आल्यावर विधी बंद करत नाही. उलट त्याच पोथ्या काखेत मारून वाड्याची मानगूट धरतो. जुनं जाळणारा माणूस नवं काहीतरी आणतोच, ही आपली एक गोड समजूत आहे. पीक ती समजूत दीड खंड सावकाश सोलून दाखवतो. सावकाशच दाखवायला हवी, कारण घाईत असलेल्या माणसाला स्टीअरपाइक नेहमीच आवडतो. तो घाईवाल्यांचाच माणूस आहे! पाल्हाळ नको, आठवणी नकोत, ‘मुद्द्याचं बोला, पुढे काय?’ जे वाचक वर्णनाची पानं उलटत उलटत फक्त त्याच्यामागे धावतात, ते नकळत त्याच्या टोळीत सामील झालेले असतात. ग्रंथालय जळतं तेव्हा त्यांना चटका लागत नाही. ‘चला, एकदाची हालचाल झाली,’ असं वाटतं. माझी लढाई कुणाशी असेल तर ती या सुस्काऱ्याशी आहे.

याचा अर्थ त्या पोथ्यांचा मी भक्त आहे असा नाही, आणि पीक तर मुळीच नाही. टायटस स्टीअरपाइकला मारतो आणि वाडाही सोडतो. आई बजावते की बाहेर दुसरं काही नाही, सगळ्या वाटा इथेच येऊन मिळतात. तरी तो घोड्यावर बसून जातो. आग लावणं आणि गुलामीत बसणं याखेरीज तिसरा रस्ता असतो, आणि तो कठीण असतो, एवढं सांगण्यासाठी या माणसानं एवढा अवाढव्य वाडा बांधला.

कोण होता हा माणूस? जन्म 1911 साली चीनमध्ये, वडील मिशनरी डॉक्टर, लहानपण तिएन्त्सिनमध्ये. पुढे इंग्लंडात चित्रकार म्हणून नाव. ‘टायटस ग्रोन’ त्यानं दुसऱ्या महायुद्धात, सैन्यात भरती झालेला असताना, बराकींत बसून लिहिली. मधे मन खचलं म्हणून इस्पितळातही राहावं लागलं. पहिला महत्त्वाचा वाचक भेटला तो ग्रॅहम ग्रीन. तो तेव्हा प्रकाशनसंस्थेचं काम बघत होता. हस्तलिखित वाचून त्यानं 1943 साली असं कडक पत्र लिहिलं की दुसऱ्या कुणी बाड उचलून घरची वाट धरली असती. पण ग्रीननं ‘कंटाळा आला’ म्हणून हात झटकले नाहीत. कुठे सैल आहे, काय कापायला हवं, ते सांगितलं, आणि मग पुस्तक छापलं. आक्षेप असा असावा! त्यावर सही जुळते.

1945 साली एका साप्ताहिकासाठी चित्रं काढायला पीक जर्मनीत गेला आणि बेल्सनच्या छळछावणीत मरणाऱ्या माणसांसमोर कागद-पेन्सिल घेऊन उभा राहिला. दुसरा खंड त्यानंतरचा. तेव्हा ‘फार उदास आहे हो’ म्हणताना आवाज जरा खाली ठेवावा. त्या खंडाला 1951 साली पारितोषिक मिळालं, रक्कम शंभर पौंड. पुढे आजारानं हात कापू लागला, मन विझू लागलं. तिसरा खंड त्या अवस्थेतला. 1968 च्या नोव्हेंबरात, सत्तावन्नाव्या वर्षी, तो गेला. त्याच सुमारास त्याची पुस्तकं स्वस्त आवृत्तीत निघाली आणि हजारो वाचकांच्या हातात गेली. 1984 साली अँथनी बर्जेसनं निवडलेल्या नव्व्याण्णव उत्तम कादंबऱ्यांत ‘टायटस ग्रोन’ आली. 2000 साली बीबीसीनं मालिका केली. सगळं झालं. कोरीव मूर्ती माळ्यावरच्या दालनात पोचली. कोरणारा तेवढा नव्हता.

राहिला सहावा वर्ग, आणि तो आक्षेपवाल्यांचा नाही, चाहत्यांचा आहे. ‘काय वातावरण आहे हो!’ असं डोळे मिटून म्हणणारे. यांची मला जास्त धास्ती वाटते. ‘वातावरण’ हा शब्द पुस्तकाबद्दल वापरला की चाळिसाव्या पानापुढे वाचलं नसलं तरी चालतं. हवामानखात्यालासुद्धा निदान पाऊस किती मिलिमीटर पडला ते सांगावं लागतं; यांना तेवढंही नाही. एकाला मी विचारलं, ‘वातावरण कुणाभोवती आहे?’ तर म्हणाला, ‘तसं नाही सांगता येणार, ते फील व्हायला लागतं.’ मी त्याला त्याच्या खात्यातल्या शिलकेबद्दल असंच उत्तर द्यायचं ठरवलं आहे.

ही खोड आजची नाही. गॉथिक कादंबरीची गंगोत्री म्हणतात ती होरेस वॉलपोलची ‘ऑट्रँटोचा किल्ला’ 1764 च्या डिसेंबरात आली. वॉलपोलनं स्वतःचं नाव लपवलं आणि 1529 साली नेपल्समध्ये छापलेल्या जुन्या इटालियन पोथीचं हे भाषांतर आहे अशी थाप ठोकून दिली. परीक्षकांनी कौतुक केलं. दुसऱ्या आवृत्तीत त्यानं खरं सांगितलं की हे माझंच. त्याबरोबर ज्या नियतकालिकानं पाठ थोपटली होती त्यानंच कान उपटला. जुन्या काळी हे ठीक होतं, आजच्या शहाण्या काळात असले प्रकार शोभत नाहीत म्हणे! पुस्तकातला एक शब्द बदलला नव्हता. फक्त मुखपृष्ठावरची सही बदलली होती. अडीचशे वर्षं उलटून गेली, आम्ही अजून मुखपृष्ठच वाचतो आहोत.

तेव्हा वाचकहो, पुस्तक आवडलं नाही तर खुशाल परत करा. पण कारण देताना दोन मिनिटं थांबा. कंटाळा पुस्तकाचा आला की आपल्याला थांबताच येत नाही म्हणून आला, एवढं पडताळून मग सही ठोका. आणि तरीही ‘अहो, पण पुढे काय होतं?’ असं कुणी मला विचारलंच, तर उत्तर तयार आहे, एका वाक्यात.

पुढे नोव्हेंबर येतो, आणि आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं.